ब्लेझरसाठी पाडलेला अंधार

आता मीच सांगते बाई, नाहीतर आमच्या बोळिंजच्या बिल्डिंगमधलं कुणीतरी मीठमसाला लावून सांगेल. माती मी खाल्ली, तर सांगायचा मानही माझाच!

माझी लेक नयना आकाशातलं शिकते. साधे तारे नव्हेत, ब्लेझर! फार फार लांब कसलंसं काळं भोक आहे म्हणे, आणि तिथून उजेडाचा फवारा थेट आपल्या तोंडावर. माझ्या माहेरी, नंदाखाल गावातल्या वाडीत, पाण्याच्या पाइपाचं तोंड चुकून आपल्याकडे वळावं ना, तसा. आणि लहरी किती! आज भडकेल, उद्या मलूल. म्हटलं, "अगदी तुझ्या आत्यासारखा!"

त्या दिवशी तो भडकला होता.

"आई, रात्री आठ ते नऊ माझा तास. रेडिओवाले, एक्स-रेवाले, सगळे त्याच वेळी आपापल्या दुर्बिणीतून बघणार. डोळ्याला दिसतो तो उजेड माझ्याकडे. तास हुकला तर वर्षभराची मेहनत गेली. मला हाक मारू नकोस!" दार बंद.

मी गॅलरीत आले. पार्किंगचे दिवे, गच्चीचे दिवे, समोर खिडक्या... लग्नघर जसं काही! यात पोरीला डोंबल दिसणार? आकाश बघायला अंधार लागतो, एवढं चौथी पास बाईलाही कळतं!

गेले सेक्रेटरीकडे.

"सावंतभाऊ, तासभर दिवे घालवा. नयनाला आकाश बघायचंय."

"अहो वहिनी, चोर शिरले तर?"

"शिरले तर मला हाक मारा!"

"बरं, पार्किंगचे घालवतो. पण लोकांच्या घरातले मी कसे घालवू?"

"तुम्ही राहू द्या."

मीटरच्या खोलीत शिरले आणि मेन स्विचच खाली ओढला. सगळी विंग काळीकुट्ट! लोक ओरडायला लागले. मी खालून दम भरला, "तासभर कुणी मेणबत्तीसुद्धा लावायची नाही!"

छाती फुगवून निघाले, तर लिफ्ट बंद. कोणी केली? मीच! पाच मजले धापा टाकत चढले. नयना रडकुंडीला आलेली.

"आई, लाइट गेली! नेट गेलं! मोबाइलला तर या घरात रेंजच नाही!"

"नेट कशाला हवं? वर बघ की! कसला झकास अंधार केलाय मी!"

"तू केलास? अगं, दुर्बीण हिमालयात आहे! मी इथून नेटवर चालवतेय तिला!"

पाच मजले परत कशी उतरले, देवाला ठाऊक. स्विच वर केला.

तास वाचला हो, पण मधली बारा मिनिटं गेली ती गेलीच. कोट्यवधी वर्षांच्या वाटेत त्या उजेडाला कुणी अडवलं नाही, आणि अगदी घराशी आल्यावर मांजरासारखी मी आडवी गेले!

दुसऱ्या दिवशी तिच्या सरांचा फोन. आवाज स्पीकरवर, मी भाजी निवडतेय.

"नयना, मध्ये बारा मिनिटं रिकामी का? ढग आला होता का?"

नयनाने माझ्याकडे बघितलं.

"नाही सर. आई आली होती."