दुसऱ्या गटाचा मालक

एकदा प्रश्न विचारला की उत्तर घेतल्याशिवाय हलायचं नाही, ही नंदाची भांडुपच्या चाळीतली ख्याती. रेशनवाला तिला बघून आधीच हात जोडायचा. १९८८ साली ती अंधेरीच्या एका कंपनीत प्रोग्रामर म्हणून लागली.

मशीन नवंकोरं, चार प्रोसेसरचं. दोन-दोनचे दोन गट. पहिल्या गटावर अख्खी कंपनी लटकलेली, दुसरा दिवसभर रिकामा. नंदाचं काम सकाळी सुरू झालं तर दुपारपर्यंत रांगत असायचं.

"दुसऱ्या गटावर काम कोण टाकू शकतं?" तिने मशीन सांभाळणाऱ्या शिवदासला विचारलं.

"ज्याला परवानगी आहे तो."

"कोणाला आहे?"

"मला काय माहीत यार! मशीन बसवणारा इंजिनिअर सगळं लावून आखातात गेला. मुख्य पासवर्डही त्याच्याच डोक्यात."

नंदाने सी भाषेत तीस ओळींचा प्रोग्राम लिहिला. बदलायचं काही नाही, गटाची परवानगी-यादी फक्त वाचायची. मशीनने उत्तर दिलं: यादी वाचायची परवानगी नाही.

"तेवढी मी देऊ शकतो," शिवदास म्हणाला, "पण चंद्रप्रकाश साहेबांची सही आण."

साहेबांनी अर्ज उलटसुलट करून पाहिला. "नक्की कशाची परवानगी हवीय?"

"परवानगी वाचायची परवानगी, सर."

साहेबांनी सही ठोकली. बहुधा ते पुन्हा ऐकावं लागू नये म्हणून.

या वेळी प्रोग्राम चालला. पडद्यावर दोनच ओळी उमटल्या. मालक सहदेव, सर्व हक्क. इतर, काही नाही.

सहदेव म्हणजे ऑफिसचा शिपाई. गिरणी बंद पडल्यावर इथे चिकटलेला, पन्नाशीचा मालवणी माणूस. बोलावल्यावर तो हादरलाच.

"मी काय एक करूक नाय हां! त्या इंजिनेराक चाय देवक गेल्लंय. तो म्हणालो, तुझा नाव घालून बघूया. पासवर्डपण माझ्याकडसूनच घालून घेतल्यान."

"आठवतोय का, काका?" नंदाने विचारलं.

"इसरान कसो? आमच्या म्हशीचा नाव!"

म्हणजे पहिल्या दिवसापासून अर्धं मशीन सहदेवच्या नावावर होतं आणि तो त्याच्यावरची धूळ पुसत होता. नंदाने त्याला खुर्चीत बसवलं, काय दाबायचं ते सांगितलं. त्याने एका बोटाने म्हशीचं नाव टाइप करून तिला परवानगी दिली. तिचं काम बारा मिनिटांत आटोपलं.

मागे उभे असलेले चंद्रप्रकाश साहेब खाकरले. "सहदेव, मलाही दे ना."

सहदेवने नंदाकडे वळून हळूच विचारलं, "साहेबांका कितकी देव गो?"

"सध्या वाचण्यापुरतीच द्या, काका," नंदा गंभीर चेहऱ्याने म्हणाली. शिवदास तोंडावर रुमाल धरून बाहेर पळाला.

शुक्रवारपर्यंत सगळ्यांना पूर्ण परवानगी मिळाली, साहेबांनाही. मालकाचं नाव बदलायचा विषय निघाला तेव्हा मात्र सहदेव अडून बसला.

"नाव माझाच ऱ्हवांदे," तो म्हणाला. "अर्ध्या मशीनचो मालक झालंय म्हणान घराकडे कागद धाडलंय मी."