आप्पांचं पोहणं

दौलतरावांनी ऐन विशीत भामा नदीचा पूर पोहून पार केला होता, ही गोष्ट गावातल्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ व्हायची. सांगणाऱ्यागणिक पूर वाढायचा. कुणाच्या तोंडी त्यात वाहून चाललेलं अख्खं झाड असायचं, कुणाच्या तोंडी झाडावर नाग. दौलतराव स्वतः फारसं बोलायचे नाहीत, नुसते मिशीतल्या मिशीत हसायचे. खोटं पचवायचा याहून चांगला उपाय अजून निघालेला नाही.

खरी हकिकत त्यांच्या बायकोला, कौशल्याबाईंना, लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी कळली. सासूबाईंनीच सांगितली. "ह्यो कुठला पवतोय! म्हशीची शेपटी धरून आला. पवली ती म्हस." आणि लगेच बजावलं, "भाईर बोललीस तर बघ." कौशल्याबाई पंचेचाळीस वर्षं बाहेर बोलल्या नाहीत. म्हैस बिचारी तर आधीच गेली होती.

यातली गंमत अशी, की पोहता येत होतं ते कौशल्याबाईंना. त्यांचं माहेर खेडच्या वरच्या अंगाला, भीमेच्या काठी. चार भावांत एकटी बहीण. वडिलांनी पाचही पोरांना एकाच उन्हाळ्यात विहिरीत ढकललं, मुलगी म्हणून हिला वगळलं नाही. "पाण्याला भ्यायचं न्हाई, त्याच्यावर निजायचं," एवढंच शिकवलं त्यांनी. भाऊ जिथून खाली बघायला कचरत, तिथून ही सूर मारायची. मग लग्न झालं. सासरच्या मळ्यातही चांगली बांधलेली विहीर होती. नव्या नवरीनं एक दिवस भीतभीत विचारलं, तर सासूबाई म्हणाल्या, "सून हिरीत उडी मारती म्हनल्यावर लोक पंचनामा करायला येतील गं बाई." विषय संपला. त्या विहिरीतून त्यांनी पुढं किती हंडे पाणी वाहिलं याची मोजदाद नाही, पण पायाचा अंगठा कधी बुडवला नाही.

मळा कंपन्यांच्या जागेत गेला, विहीर बुजली, तिच्यावर आज कुठल्याशा कारखान्याचं पार्किंग आहे. चाकणकडून कारखान्यांच्या वसाहतीत जाणाऱ्या रस्त्याला दौलतरावांचा बंगला उभा राहिला आणि मुलगा धनेश ट्रकच्या धंद्यात शिरला. सगळं बरं चाललं होतं, तेवढ्यात भावकीतल्या हिंदुरावांनी बंगल्यात सिनेमाचं थिएटर केलं. चांगलं चोवीस खुर्च्यांचं. पहिला खेळ बघून धनेश घरी आला तो न जेवताच झोपला. आठवडाभरानं त्यानं जाहीर केलं, "आपण घरात स्विमिंग पूल करायचा. घराच्या आत. वर छत."

"भाईर काय वाईट हाय?" दौलतरावांनी विचारलं.

"आप्पा, बाहेर फार्महाऊसवाल्यांचा असतो. आतला कुणाचाच नाय."

वाकडहून दिपाली नावाची आर्किटेक्ट आली. पोरगी हुशार होती, पण तिला एक गैरसमज होता, की पूल पोहण्यासाठी बांधतात. तिनं नकाशा काढला. एका टोकाला साडेतीन फूट पाणी, दुसऱ्या टोकाला पाच, मधे हळूहळू उतार. बैठकीत भावकीतले पाचसहा जण होते. नकाशा दौलतरावांपुढं आला आणि सगळ्यांचे डोळे त्यांच्याकडं वळले. पुराचा वीर आता काय बोलतो?

"साडेतीन?" दौलतराव म्हणाले. "ह्याच्यात म्हस तरी बसंल का? आठ फूट करा."

"काका, आठ फूट खोल बाजूला करता येईल, पण उथळ बाजू…"

"हिरीला कुठं उथळ बाजू असती का? वरपासून तळापर्यंत एकसारखं पायजे."

लोक वाहवा म्हणाले. दिपालीनं तीनदा समजावलं, लहान मुलांचं सांगितलं, शेवटी कागदावर धनेशची सही घेऊन गप्प बसली. गड्यांनाही आठ फूट एकसारखं खणणं जास्त पटलं, कारण त्यांतले निम्मे विहिरी खणूनच वाढले होते. उतार कसला काढायचा हे त्यांना तसंही उमगत नव्हतं. दौलतरावांचा हिशेब मात्र वेगळा होता आणि तो कौशल्याबाई सोडून कुणाला कळला नाही. साडेतीन फुटात उभं राहता येतं, म्हणजे 'उतरा आप्पा' म्हणणारे भेटणार. आठ फुटात कुणी उतरणारच नाही, मग आपल्यालाही कोण आग्रह करतंय?

निगडीचे वास्तुतज्ज्ञ आले. त्यांनी पाणी ईशान्येला सांगितलं. ईशान्येला देवघर होतं. देव उचलून फ्रीजशेजारी ठेवले गेले. या सगळ्या काळात घरच्या लक्ष्मीला एकच प्रश्न वरचेवर विचारला गेला, तो म्हणजे चहा झाला का. त्यांनी तो दिवसाला चाळीस कप केला आणि कुरकुर केली नाही. त्याचं कारण त्यांच्या पोटात होतं. त्यांना एकदा त्या पाण्यात उतरायचं होतं. बंद खोली, वर छत, सासू नाही, रस्ता नाही, बघणारं कुणी नाही. एकदा उतरायचं आणि पाण्यावर आडवं व्हायचं, मग कुणी उचलून नेलं तरी चालेल. चौसष्टाव्या वर्षी माणूस याहून मोठी मागणी करत नाही.

आणि मग धनेशनं रस्त्याकडची भिंत काचेची करायला घेतली. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसायला नको? नाहीतर बांधायचाच कशाला! कौशल्याबाईंनी त्या दिवशी चहात साखरेऐवजी मीठ घातलं. ते चुकून पडल्याचं सगळ्यांनी मानलं. नशीब, की सून विजयश्रीला रस्त्यावरच्या ड्रायव्हरांनी घरात डोकावणं पसंत नव्हतं. तिनं भांडून काचेला आतून पडदा लावून घेतला, बटणावर उघडणारा, बटणावर मिटणारा.

टँकर येत राहिले, पूल भरला. पूजा झाली, पाण्याची खणानारळानं ओटी भरली, जेवणावळी झाल्या. खाली निळी फरशी, वर निळे दिवे. पाहुणे कडेकडेनं फिरून गेले, एकानंही पाय बुडवला नाही. "आता आप्पांनी सूर मारून नारळ फोडावा," हिंदुराव मुद्दामच म्हणाले. दौलतरावांना ऐनवेळी कणकण आली. विजयश्रीनं आठ फूट पाणी बघितलं, आपली दोन पोरं बघितली आणि दाराला कुलूप घातलं. किल्ली कुणाकडं द्यायची यावर चर्चाच झाली नाही. घरात पोहणारा माणूस एकच होता.

कणकण माणसाला किती दिवस येणार? आठवड्याभरात दूधवालासुद्धा विचारू लागला, "काय आप्पा, मारला का सूर?" तेव्हा दौलतराव रोज सकाळी खांद्यावर टॉवेल टाकून, किल्ली घेऊन आत जायला लागले. पडदा मिटायचा. आतून छपाक छपाक आवाज यायचा. अर्ध्या तासानं ओल्या केसांनी बाहेर यायचे आणि म्हणायचे, "आज चाळीस फेऱ्या." विजयश्री बदाम भिजवू लागली.

कौशल्याबाईंनी तो आवाज तीन दिवस बाहेरून ऐकला. पोहणाऱ्याच्या हाताचा आवाज त्यांना ठाऊक होता, आणि हा तो नव्हता. चौथ्या दिवशी त्यांनी दार ढकललं. आत सत्तरीचे दौलतराव प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून, वाकून, तांब्यानं पाणी उडवत होते. कपडे कोरडे. दोघांची नजरानजर झाली. दौलतरावांनी तांब्या मांडीवर ठेवला.

"आसं तांब्यानं पवल्यावानी वाटत न्हाई," कौशल्याबाई म्हणाल्या. "सरा बाजूला."

त्यांनी कडी लावली, नऊवारीचा काष्टा घट्ट केला, बांगड्या वर सरकवल्या. कडेवर उभ्या राहिल्यावर मात्र त्यांनी आधी खाली बघितलं. पंचेचाळीस वर्षं! गुडघे गेलेले, कंबर गेलेली, अंगाला आठवत असेल का? शिडी होती, पण शिडीनं उतरणं त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी डोळे मिटले आणि पायांवर सरळ उडी टाकली.

अंग काहीच विसरलं नव्हतं. वर आल्या तेव्हा नाकात औषधाचा वास भिनला होता, डोळे चुरचुरत होते, आणि हात आपलेआप चालत होते. जिना चढताना करकरणारे गुडघे पाण्यात होतेच कुठं? चार फेऱ्या झाल्यावर त्या पाठीवर झाल्या आणि पाण्यावर निजल्या. छताकडं बघता बघता त्यांना रडू आलं. खूप आनंद झाला की त्यांना रडूच यायचं, त्यात नवल नाही. पण पाण्यात रडण्याची सोय वेगळीच असते, कुणाला पुसायला लागत नाही.

"धनेशची आई," काठावरून दौलतराव हळूच म्हणाले, "जरा हात जोरात मारा की. भाईर आवाज गेला पायजे."

असा तो व्यवहार ठरला. बोलून काही ठरलं नाही, नवराबायकोत तशी गरज पडत नाही. पोहायचं बायकोनं, ओलं डोकं नवऱ्याचं. सकाळी लुगडं वाळत घालणाऱ्या बाईकडं कोण बघतंय? फेऱ्या चाळिसाच्या साठ झाल्या. कौशल्याबाईंची साखर उतरली आणि डॉक्टरांनी दौलतरावांचं कौतुक केलं, बघा म्हणाले, आप्पांचं बघून वहिनींनीसुद्धा पथ्य मनावर घेतलेलं दिसतंय. कधीकधी दौलतराव काठावरून विचारायचे, "बुडत कसं न्हाई गं माणूस?" आणि कौशल्याबाई वडिलांचं वाक्य सांगायच्या. सुख होतं त्या अर्ध्या तासात, खोटं कशाला बोला.

मग ज्येष्ठ नागरिक संघानं दौलतरावांचा सत्कार ठरवला. सत्तरीतला जलवीर! शाल, श्रीफळ, पुणेरी पगडी. कौशल्याबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनाही वर बोलावून ओटी भरली, कारण 'आप्पांचा टॉवेल भल्या पहाटे तयार ठेवणारी ही माउली आहे.' कौशल्याबाईंना हसू आवरेना. तिथवर ठीक होतं. पण पाठोपाठ दौलतराव भाषणाला उठले, माईक पुढं ओढला, सभेवर नजर फिरवली आणि म्हणाले, "मंडळी, माझं सूत्र एकच. पाण्याला भ्यायचं न्हाई, त्याच्यावर निजायचं."

टाळ्या पडल्या. कौशल्याबाईंचं हसू तिथंच मावळलं. फेऱ्या नेल्या, नेऊ देत. बदाम खाल्ले, खाऊ देत. पण बापाचं वाक्य? ते त्यांनी माहेराहून आणलेलं होतं, आणि दुसरं काही तसं फार आणलेलंही नव्हतं. घरी येईपर्यंत त्या नवऱ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. दौलतरावांना वाटलं, बाई भारावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दौलतराव खुर्चीवर बसले, त्यांनी सवयीनं तांब्या भरून डोक्यावर ओतला. कौशल्याबाईंनी काष्टा घातला, भिंतीकडं गेल्या आणि बटण दाबलं. पडदा घरघरत बाजूला झाला.

"आगं, आगं! रस्ता हाय!"

रस्ता होताच. पहिल्या शिफ्टच्या बसगाड्यांची रांग लागली होती, पुढं कंटेनर अडकल्यामुळं सगळं जागच्या जागी थांबलेलं. कौशल्याबाईंनी त्या सगळ्या बसगाड्यांसमोर उडी टाकली. खिडक्यांतून डोकी बाहेर आली, मोबाइल बाहेर आले. त्यांनी सावकाश फेरी मारली, परत फिरल्या, पाठीवर झाल्या, आरामात निजल्या. काठावर दौलतराव टॉवेल छातीशी धरून उभे होते, वरून ओले, खाली कोरडे. हे आता सगळ्या तालुक्यानं बघितलं होतं. सत्य एवढं स्वच्छ उजेडात, एवढ्या मोठ्या काचेमागं, क्वचितच कुणाला बघायला मिळतं.

संध्याकाळी चुलत जाऊ गोजाबाई लगबगीनं आली. मोबाइलवरचा व्हिडिओ तिनं दाखवला, तो गावभर फिरला होता. कौशल्याबाईंचा ऊर भरून आला. आता कळलं ना एकदाचं!

"जाऊबाई, धन्य हाय बाई तुमची," गोजाबाई म्हणाली. "पर खरं सांगू का, खरी कमाल आप्पांची. ह्या वयात बायकूला पवायला शिकवायचं म्हंजे काय खाऊ हाय व्हय? कसे काठावर हुबं राहून ध्यान देत हुते. सगळा गाव हेच म्हनतोय."

आतल्या खोलीत दौलतराव फोनवर कुणाला तरी सांगत होते, "न्हाई वो, तशी ती हुशार हाय, लौकर उचललं तिनं." कौशल्याबाईंना आधी राग आला, मग त्याहून मोठा राग आला, आणि दोन्ही राग ओसरल्यावर त्यांना एकदम स्वच्छ वाटलं. गोजाबाईला त्यांनी चहा पाजला आणि वाटेला लावलं.

सकाळ झाली. कौशल्याबाई पाण्यात होत्या, पडदा सताड उघडा होता, रस्त्यावर बसगाड्या लागत होत्या. दौलतराव खुर्चीवर बसून ऐटीत हातवारे करत होते, रस्त्यावरून शिकवल्यासारखं दिसेल असे. कौशल्याबाई पोहत काठाशी आल्या. शिडीचा दांडा धरून त्यांनी दुसरा हात नवऱ्याकडं केला.

"उतरा."

दौलतरावांचे हातवारे थांबले. "मी?"

"तुमीच. धरते मी. पाण्याला भ्यायचं न्हाई, ठावं हाय न्हवं?"

"आगं, लोक बघत्यात!" त्यांचा आवाज बारीक झाला. "सगळ्यांच्या देखत मी कसा…"

"बघू द्या की," कौशल्याबाई म्हणाल्या. "तुमी मला शिकवताय, आसंच दिसंल त्यांनला."