कालवायचं पाणी

माल कालवणं हे वरवर पाहता नुसतं फावड्याचं काम वाटतं. तसं ते नाही. आधी रेती चाळायची, तिच्यात माती किती आहे ते मुठीत चोळून पाहायचं. मग रेती आणि सिमेंट कोरडंच उलथंपालथं करत राहायचं, सगळ्या ढिगाचा एकच राखाडी रंग होईपर्यंत. ढिगाच्या मधोमध आळं करायचं, त्यात पाणी ओतायचं आणि काठावरचा कोरडा माल थोडा थोडा आत ढकलायचा. घाईनं फावडं मारलं की आळं फुटतं आणि पाण्याबरोबर सिमेंटही वाहून जातं. थापीवर घेतलेला माल थापी तिरपी केली तरी घसरू नये, विटेवर टाकला की मात्र आपणहून पसरावा. हाताला उरकेल तेवढाच कालवायचा. आवळत आलेल्या मालात वरून पाणी घालून त्याला पुन्हा मऊ करायचं नाही. आणि पाणी गोडं पाहिजे. जे पाणी आपण पिणार नाही, ते भिंतीला द्यायचं नाही.

हे सगळं मला येतं. उभं आयुष्य मी हेच केलं, आधी अमरावतीत दुसऱ्यांच्या हाताखाली आणि आता अकोल्यात स्वतःची कामं घेऊन. येत नसतं तर बरं झालं असतं. मग जे झालं त्याला चूक तरी म्हणता आलं असतं.

माझ्या थोरल्या बहिणीचं गाव पूर्णेच्या खोऱ्यात, खारपाणपट्ट्यात आहे. तिकडे बोअरला पाणी पाहिजे तेवढं लागतं, पण ते खारट. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, केस वाळले की काथ्यासारखे होतात. नळाला गोडं पाणी येतं ते आठवड्यातून एखाद्या वेळी, कधी त्याहूनही उशिरा. नळ आला की घरातलं होतं नव्हतं ते सगळं भांडं भरून ठेवायचं आणि पुढच्या नळापर्यंत पुरवायचं. त्या गावात पाहुण्याला पाण्याचा तांब्या दिला की तो पूर्ण प्यावा लागतो. अर्धा ठेवून उठलेल्या माणसाला नावं ठेवतात.

ताईनं घर बांधायचं ठरवलं तेव्हा मी हातातलं काम सोडून गेलो. भाऊजी एसटीत ड्रायव्हर, आठवड्यातले बरेच दिवस बाहेर. ताई अंगणवाडीत मदतनीस. भाऊच मिस्तरी असताना दुसरा कोण आणायचा, असं सगळ्यांचं म्हणणं, आणि मलाही ते आवडलं होतं. पहिल्याच दिवशी मी ओसरीवर बसून सांगून टाकलं, की विटा भिजवायला आणि भिंतीला पाजायला कालव्याचं गढूळ पाणी चालेल, ते भाऊजींनी ट्रॅक्टरच्या टाकीतून आणावं. कालवायला मात्र नळाचंच पाणी लागेल. बोअरचा एक थेंब मी मालात जाऊ देणार नाही. नाही तर भिंतीला लोणा लागतो. पांढरी भुकटी फुटते, रंग सुटतो, मग प्लास्टर पापुद्र्यांनी गळायला लागतं. आजूबाजूच्या अर्ध्या गावाच्या भिंती तशाच होत्या. मी बोट करून दाखवल्या.

ताईनं ते गल्लीत सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून बायका सकाळी एकेक हंडा घेऊन यायला लागल्या. निंबाखाली एक मोठा ड्रम ठेवला होता, तोंडाला धुतलेलं धोतर बांधून. त्यात ओतून जायच्या. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी मोजत नव्हतं. समोरच्या घरची वहिनी मात्र दोन हंडे आणायची. ती आणि ताई एकाच वर्षी लग्न होऊन त्या गल्लीत आल्या होत्या. ताईला मुलगी नाही. वहिनीची पोरगी ताईच्याच मांडीवर वाढलेली.

"भाऊ, मापून घेजो बरं पानी," वहिनी हंडा उपडा करत म्हणायची. "आमच्या घरच्या बुवानं आज नुसतं आंग पुसलं."

"रोजच तं तेवढं पुसते तो. तुह्या पान्याचं काहून नाव काढतं?" ताई म्हणायची.

"अन् हा तुहा भाऊ मिस्तरी हाये का जावई हाये? सारी गल्ली याच्यासाठी पानी भरून राहिली."

दोघी हसायच्या. मीही हसायचो.

पहिले काही दिवस मी सांगितल्याप्रमाणेच केलं. संध्याकाळी ड्रमात तळाशी थोडं पाणी उरायचं. एका संध्याकाळी त्या उरलेल्या पाण्यानं मी अंग धुतलं. कितीतरी दिवसांनी साबणाला फेस आला. केस मऊ झाले. अंगावर सिमेंट आणि खाऱ्या पाण्याचा जो थर बसला होता तो निघून गेल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशीही तेच केलं. आधी उरलेलं अंगावर घेत होतो, मग अंगासाठी उरवायला लागलो. ताईची बोअर मागच्या कोपऱ्यात होती, तिचा पाइप थेट आळ्यात पोचायचा. बटण दाबलं की पाणी. ड्रममधून बादली बादली काढून आणायची कटकट नाही. अमरावतीचं एक मोठं काम माझी वाट पाहत होतं, इथलं लवकर उरकायचं होतं, हेही एक कारण मी स्वतःला दिलं. पण आज सगळं सांगायलाच बसलो आहे तर सांगतो, खरं कारण आंघोळ होतं.

ताई सकाळीच अंगणवाडीत जायची. हाताखालचे दोघे गडी दुसऱ्या गावचे, त्यांना कशाचं काही नव्हतं. कालवायचं काम मी कुणाला देत नसे, त्यामुळे आळ्यात कोणतं पाणी पडतं ते पाहायला दुसरं कुणी नव्हतं. मी भिंती चढवत गेलो. सरळ, ओळंब्यात, सांधे एकसारखे. शेवटच्या आठवड्यात प्लास्टरही बोअरच्याच पाण्यात केलं. पाहणारे कौतुक करत होते आणि मी ते घेत होतो.

एका गोष्टीची मात्र अडचण व्हायची. सकाळी बायका यायच्या तेव्हा ड्रम रिकामा पाहिजे, नाही तर विचारणार, की काल काम नव्हतं का. अंग धुऊन, गाडी धुऊनही पाणी उरायचं. मग ते उरलेलं मी ड्रम आडवा करून निंबाच्या मुळाशी सोडून द्यायचो. हे मी आजवर माझ्या बायकोलाही सांगितलं नव्हतं.

दोन पावसाळे गेले. ताईनं बोलावलं म्हणून गेलो तर समोरच्या खोलीच्या भिंतीला खालपासून कमरेइतका पांढरा पट्टा आला होता. रंगाचे पोपडे निघाले होते. जमिनीवर भुकटी. ताई म्हणाली, रोज सकाळी झाडते, रोज पडते. मी बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. चव घ्यायची गरज नव्हती, पण मिस्तरी म्हणून काहीतरी करायला पाहिजे होतं.

"बापू, आपन तं गोडं पानी वापरलं ना?" ताईनं विचारलं. "मंग लोणा काहून?"

तिच्या आवाजात माझ्यावर काडीचाही संशय नव्हता. म्हणूनच मला बोलता आलं असावं.

"ड्रमात कोनं काय ओतलं, ते मले काय मालूम?" मी म्हणालो.

ताईनं जमिनीवरची भुकटी पायानं बाजूला सारली. मग दारातून समोरच्या घराकडे पाहिलं.

"शेवटच्या हप्त्यात नळच आला नव्हता," ती सावकाश म्हणाली. "बाकीच्या बाया अर्धा अर्धा हंडा आनत होत्या. हे एकटी दोन भरून आने. तिच्या घरी बोअर हाये. बोअरचं तं नसन भरलं तिनं?"

तिथं एक वाक्य पुरलं असतं. मी भिंतीकडे पाहत राहिलो.

"असन," मी म्हणालो.

पुढचं मी पाहिलं नाही, फोनवर ऐकलं. ताईनं वहिनीला गल्लीत, चार बायकांसमोर विचारलं. वहिनी एवढंच म्हणाली, "तुले असं वाटते?" आणि घरात निघून गेली. त्यानंतर दोघी बोलल्या नाहीत. दारासमोर दार, एका वेळी सडा टाकायच्या, एका नळावर भांडी लावायच्या, आणि बोलायच्या नाहीत. पोरगी आधी चोरून ताईकडे यायची, मग मोठी झाली आणि तीही येईनाशी झाली. मी दिवाळीला जायचो तेव्हा वहिनी मला मात्र "जयभीम भाऊ" म्हणायची. मी जयभीम म्हणून पटकन आत शिरायचो. ताईला मी कितीदा म्हणालो, प्लास्टर खरवडून नवीन करून देतो. ती म्हणायची, भिंतीचं काय, भिंत उभी हाये. आणि मी सुटल्यासारखा परत यायचो.

यंदा त्या पोरीचं लग्न ठरलं. गल्ली अरुंद, मांडव ताईच्या दारापर्यंत येणार होता. गल्लीत सगळ्यांकडे पत्रिका गेली. ताईकडेही आली, पण गल्लीतला एक पोरगा टाकून गेला, वहिनी आली नाही. ताई घराला कुलूप लावून पिशवी घेऊन माझ्याकडे अकोल्याला आली. चार दिवस राहते म्हणाली.

हळदीच्या दिवशी सकाळी ती आमच्या स्वयंपाकघरात मेथी निवडत बसली होती. बायको बाजारात गेली होती. मी चहा पीत होतो.

"आज हयद असन तिची," ताई म्हणाली. "लहानपनी म्हने, मोठी आई, माह्या लग्नात तुलेच बाजूले उभं राहा लागन." आणि काडी मोडून पानं टोपलीत टाकली.

मी कप खाली ठेवला.

"ताई, वहिनीनं बोअरचं पानी नव्हतं आनलं. मी वापरलं बोअरचं. मालात."

तिचा हात थांबला नाही.

"कोनतं?"

"आपल्या बोअरचं. पाइपानं."

"मंग ड्रमातलं कुठं गेलं?"

"आंग धुतलं."

"आंग धुतलं," ती म्हणाली. मग, "साऱ्या गल्लीच्या पान्यानं?"

"हो."

"अन् उरलं ते?"

"सांडलं."

तिनं हातातली जुडी संपेपर्यंत निवडली. देठ कागदात गुंडाळले. मग उठून हात धुतले.

"कपडे घाल," ती म्हणाली. "हे तू मले काहून सांगतं? तिले सांग."

अकोटच्या गाडीत ती पुढे बायकांजवळ जाऊन बसली. फाट्यावर उतरून गावापर्यंत चाललो, तेव्हाही ती पुढेच होती. मला आतल्या आत थोडं हलकं वाटत होतं, हेही लाजेनंच लिहितो. वाटत होतं, आता सांगून टाकलं की झालं. दोघी रडतील, बोलतील, मी शिव्या खाईन.

मांडवात बायकांची गर्दी होती. वहिनीचे हात कोपरापर्यंत पिवळे. ताईला पाहून ती जागच्या जागी थांबली. ताई म्हणाली, "दोन मिनिटं मांगच्या आंगनात ये." तिघं मागे गेलो. मी सगळं सांगितलं, आंघोळीचं, ड्रमाचं, "असन" म्हणालो त्याचं. वहिनीनं मध्ये एकदाही तोडलं नाही. झाल्यावर तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"याचं जाऊ दे," ती ताईला म्हणाली. "याले मी काय वयखतो? पन तुले कसं वाटलं वं?"

ताईनं हातातली पिशवी खाली ठेवली.

"नळ नव्हता तवा मी माह्या घरचा माठ उपसून तुले देल्ला. लेकराईले पेयाले माहेरून कॅन आनली. अन् तू चार बायाईत इचारलं मले. ह्यानं म्हटलं अन् तू मानलं. कसं मानलं, तेवढं सांग."

तेव्हा मला कळलं की मी काय केलं आहे. इतकी वर्षं जे माझ्या डोक्यावर होतं ते मी उतरवलं होतं, आणि उतरवून बहिणीच्या डोक्यावर ठेवलं होतं.  मी मध्ये पडलो, "वहिनी, चूक माही हाये," असं काहीतरी म्हणालो. दोघींपैकी कुणीच ऐकलं नाही.

मांडवातून वहिनीला हाक आली. तिनं पदरानं नाक पुसलं, हळद गालाला लागली.

"उद्या ये लग्नाले," ती ताईला म्हणाली. "आज नको येऊ. आज मले लोकाईत हसाचं हाये."

दुसऱ्या दिवशी ताई गेली, तिच्या मागून मीही. चांगलं लुगडं नेसून गेली आणि बायकांच्या खुर्च्यांमध्ये, मधल्या रांगेत जाऊन बसली, परगावच्या पाहुण्या बसतात तिथं. पांढऱ्या साडीतली पोरगी पुढे उभी होती. पुष्पमालांचं ताट घेऊन तिच्या बाजूला दुसरीच कुणी बाई उभी राहिली. ताईनं टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी वाजवल्या तेवढ्याच.

पंगतीत वहिनी वाढायला फिरत होती. ताईच्या पानाशी आली, बुंदी वाढली, "जेव" म्हणाली आणि उत्तर न ऐकता पुढच्या पानाकडे गेली.

हात धुताना ताई माझ्याशेजारी आली.

"तुह्यामुळं झालं असं मी नाई म्हनत," ती म्हणाली. "मानलं मी. ते माह्यं हाये, ते मी पाहीन तिच्यासंग. किती दिवस लागतीन ते लागो." मग तिनं रुमाल माझ्या हातात दिला. "पन तू काही दिवस येऊ नको बापू. तू दिसला का मले तुह्यावर ढकलावं वाटन, अन् मंग तिले काही सांगता येनार नाई मले."

त्या दिवसापासून मी गेलेलो नाही. भाऊजींचा फोन येतो तेव्हा विचारतो, दोघी बोलतात का. भाऊजी म्हणतात, नळ आला म्हणून सांगतात एकमेकीले, तेवढं हाये.