सांगलीला दाखवायचा चेहरा

आजींच्या अंत्यविधीत मी सांगलीच्या मंडळींना वीस मिनिटं माझंच तोंड दाखवलं.

आजी म्हणजे इथे परदेशात, आमच्या सेरंगूनच्या ब्लॉकमधल्या, वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मित्राची आई. सकाळी खालच्या बाकावर एका चिनी बाईंशी गुडघ्यांविषयी बोलत बसायच्या. या मराठीत, त्या चिनीत, आणि दोघींचं अगदी पटायचं. दुपारी मात्र सांगलीच्या थोरल्या बहिणीला फोन. ‘ताई, जेवलीस का?’ यात खंड नाही.

ताईंना आता प्रवास झेपणारा नव्हता. ‘एकदा तिचं तोंड बघू द्या,’ एवढंच त्यांनी मागितलं. मित्र विधींना बसलेला, म्हणून फोन धरायचं काम माझ्याकडे आलं. मी जबाबदार माणूस! तिकडच्या रडण्याचा व्यत्यय नको म्हणून आवाज बंद केला. डोळे पुसायला चष्मा काढला, तो खिशातच राहिला. स्क्रीनवर मंडळी हात उलटसुलट फिरवताना अंधुक दिसत होती. ‘काय होऊन बसलं हे!’ असंच म्हणत असणार. मीही गंभीरपणे मान हलवत राहिलो.

शवपेटीचं झाकण लागलं आणि मित्राची बायको, आमच्या वहिनी, धावत आल्या.

‘भाऊजी, कॅमेरा फिरवा! मघापासून त्यांना तुम्हीच दिसताय.’

‘आणि ताईंनी आजींना...?’

‘कुठून बघणार?’

दाहगृहातली आमची वेळ संपत आलेली, पुढचं चिनी कुटुंब दाराशी उभं. पण ताईंना दाखवल्याशिवाय पेटी हलू द्यायची नाही, हे ठरलं. मी सरळ पेटीला आडवा उभा राहिलो. पेटी न्यायला आलेल्या अंकलनी घड्याळाकडे बोट केलं. मग मी दाराशी गेलो, हात जोडले आणि त्या कुटुंबाला सगळं सांगितलं, माझ्या तोंडासकट. त्यांच्यातला थोरला मुलगा पेटीवाल्या अंकलकडे वळला.

‘अंकल, ओपन लाह,’ तो म्हणाला. ‘वी वेट.’

झाकण उघडलं. मी चष्मा लावला, कॅमेरा फिरवला, आवाज सुरू केला. ताई बराच वेळ बघत होत्या.

‘केस छान विंचरलेत हो. जा बाई आता, सुखानं जा.’ मग डोळे पुसून म्हणाल्या, ‘फोन कुणी धरलाय?’

‘मी, ताई. खालच्या मजल्यावरचा. तुमच्या भाच्याचा मित्र.’

‘मघाचा तूच का?’

‘हो.’

‘घरचं शहाणं माणूस कुणी नव्हतं का रे?’