पगारी राखण

"राखणदाराचं एक नाव द्या, मॅडम. एकच." नाशिकच्या ऑफिसात साहेबांनी माझी फाईल बाजूला सारली आणि चहा मागवला.

नाव देणार कुठून? पेठ तालुक्यातल्या त्या पाड्यावर राखणदार नव्हताच. डोंगरावरचं रान अख्खा पाडा आळीपाळीने राखायचा. ज्या घराची पाळी, त्या घरातलं कोणीतरी काठी घेऊन रानात फिरायचं आणि संध्याकाळी ती शेजारच्या दाराला टेकवून यायचं. उद्या शेजाऱ्याची पाळी. कोणी कुऱ्हाड घेऊन दिसला की एका हाकेसरशी सगळे धावायचे. हवामान बदलाच्या सरकारी निधीसाठी मी, प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर, हा पाडा सुचवला तो याच कौतुकापायी.

"साहेब, पैसे पाड्याच्या झऱ्याला द्या, रोपांना द्या. राखण फुकट आणि झकास चाललीय."

"गाइडलाइनमध्ये 'संरक्षण' असा हेड आहे." हेड म्हणजे खर्चाचा ठरलेला कप्पा. "तो रिकामा ठेवला तर प्रपोजल परत येईल."

"मग पगार सगळ्या घरांत वाटू."

"आणि ऑडिटला काय काठी दाखवू?" साहेब हसले. माणूस वाईट नव्हता हो, पण वरून आलेलं खाली ढकलायची सवय पक्की.

शेवटी काशिनाथचं नाव लागलं. गरीब, सरळ माणूस. पाड्यानेच सुचवला.

पावसाळा संपल्यावर पाड्यावर गेले, तर रानातून तोडीचा आवाज येत होता. यमुनाबाई ओट्यावर नागली पाखडत बसलेल्या. एरवी पहिली हाक यांचीच असायची.

"अहो यमुनाबाई, कोणीतरी झाडं तोडतंय ना!"

"तोडत असतील. काशिनाथला पगार हाय ना? मग?"

काशिनाथ धापा टाकत खाली आला. "एकटा कुठं कुठं पळू, मॅडम? हाक मारली तर म्हणतात, तुझं काम तू कर."

मी वर कळवलं. उत्तर आलं, राखणदार नेमलेला आहे, पगार वेळेवर जातोय, अडचण काय? कपाळ माझं!

प्रोजेक्टची मुदत संपली. पगार बंद झाला. काशिनाथ द्राक्षाच्या छाटणीला निफाडला निघून गेला. मी पाड्यावर बैठक बोलावली, पुन्हा पाळी लावा म्हणून अक्षरशः हात जोडले.

यमुनाबाईच बोलल्या. "आता नाय व्हायचं ते. ज्याला त्याला वाटतं, पगाराचं काम मी फुकट का करू? मलापन वाटतं, खोटं कशाला बोलू?"

दोन उन्हाळ्यांत डोंगर बोडका झाला. आता होळीच्या आधीच झरा आटतो आणि बाया पाण्यासाठी पार खालच्या नाल्यापर्यंत उतरतात. फार वाईट वाटतं. त्या रस्त्याने जायचं मी टाळते.

आमच्या अहवालात मात्र 'संरक्षण' पूर्ण झालंय. निधी कुठे द्यावा यावर आम्हाला ट्रेनिंगं पुष्कळ झाली. कुठे देऊ नये, यावर एकही झालं नाही.