खलिफाचे चौदा, रविकांतरावांचे तेरा

रविकांतराव घाटपांडे तसे साधे गृहस्थ. आयर्लंडातल्या लिक्सलिपच्या कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात बारा-बारा तासांच्या पाळ्या करायच्या, घरी येऊन वरणभात जेवायचा आणि रक्तदाबाची गोळी घ्यायला विसरायचं. असा माणूस दोन हजार सोळाच्या ऑक्टोबरात बायकोला घेऊन स्पेनच्या सहलीला गेला आणि येताना एक खलिफा घेऊन आला.

तिसरा अब्दुर्रहमान त्याचं नाव. कॉर्दोबाच्या गाइडनं अर्ध्या तासात सांगून संपवलेला हा राजा रविकांतरावांनी पुढं दोन वर्षं पुरवला. चहाला आलेला माणूस त्यातून सुटत नसे. विशी ओलांडताच पोरगा आजोबांच्या गादीवर बसला. जिकडंतिकडं बंडाळी, किल्ल्याकिल्ल्यावर एकेक शहाणा. त्यानं सगळे वठणीवर आणले, स्वतःला खलिफा म्हणवलं, शहराबाहेर संगमरवरी राजवाडा उठवला. तिथल्या हौदात म्हणे पाण्याऐवजी पारा होता! एका लढाईत मात्र असा मार खाल्ला, की पुन्हा स्वतः रणात उतरला नाही. "आणि कलप लावायचा बरं का," हे रविकांतराव विशेष आपुलकीनं सांगत, कारण तेही लावत. शेवट ठरलेला असे. "जवळजवळ पन्नास वर्षं राज्य केलं. मेल्यावर म्हणे त्याच्या हातची टिपणं सापडली. निर्भेळ सुखाचे दिवस लिहून ठेवले होते. किती असतील? चौदा!"

त्यांच्या पत्नीला, सुलेखाताईंना, खलिफा तोंडपाठ झाला होता. त्यांना ठाऊक नव्हतं ते एवढंच, की रविकांतरावांनी खलिफाशी शर्यत लावली होती. पुण्याहून दरवर्षी येणारं मराठी कॅलेंडर स्वयंपाकघरातल्या प्रेसच्या दाराला आतून लटके. कपाटाला प्रेस म्हणायची आयरिश सवय घाटपांड्यांनाही लागली होती. दिवस निर्भेळ सुखाचा गेला, की रविकांतराव तारखेवर बारीक लाल फुली मारत. नियम कडक होते. फुली त्याच दिवशी मारायची, मागाहून नाही, आणि दिवसात एकही खोट चालायची नाही. आयरिश नागरिकत्वाची शपथ घेतली तो दिवस बाद झाला, कारण नवा बूट चावला होता. याची वाच्यता मात्र कुठं केली नाही. सुख बोलून दाखवलं की दृष्ट लागते, असं त्यांच्या आईचं मत होतं, आणि तेवढ्यापुरतं ते आईचं ऐकत.

आता मराठी घरात कॅलेंडरवरची फुली म्हणजे काय, हे शेंबडं पोरही सांगेल. फुली म्हणजे खाडा. दूधवाला आला नाही, फुली. कामवाली आली नाही, फुली. सुलेखाताईंनी पहिली फुली पाहिली आणि ओळखलं, गोळीचा खाडा! निदान प्रामाणिकपणे लिहून तरी ठेवतात, म्हणून त्या बोलल्या नाहीत. फक्त पुढचा आठवडाभर जेवण अळणी केलं. दर फुलीला हेच. रविकांतराव निमूट जेवत. सुखामागून दुःख यायचंच, खलिफाचंही हेच झालं असणार, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती.

सगळं फुटलं ते दोन हजार अठराच्या नोव्हेंबरात. डॉक्टरांनी रक्तदाब वाढल्याचं सांगितलं आणि रविवारी सकाळी सुलेखाताईंनी तिन्ही वर्षांची कॅलेंडरं टेबलावर आपटली.

"तेरा खाडे, अहो! जिवाशी खेळ चाललाय का?"

रविकांतराव गडबडले आणि खरं ते बोलून बसले. आता कौतुक होईल असं त्यांना वाटलं. सुलेखाताईंनी शांतपणे नोव्हेंबरचं पान काढलं. आदल्याच आठवड्यात त्यांच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती. ती चौकट कोरी होती.

"वॉशिंग मशीन दुरुस्त केलंत, त्याला फुली. आणि याला नाही?"

"अगं, त्या दिवशी दाढ दुखत होती. खोट चालत नाही."

कॉलेजात जाणारा मुलगा अनीश टोस्ट घेऊन उठला. "आय अ‍ॅम आउट. युअर मॅन द कॅलिफ हॅज अ लॉट टु आन्सर फॉर," म्हणाला आणि सटकला.

"तुमच्या खलिफाच्या बायकोचे किती दिवस होते हो सुखाचे?" सुलेखाताईंनी विचारलं.

"कुठल्या बायकोचे?" रविकांतराव म्हणाले आणि लगेच पस्तावले.

"कुठल्याही!"

गाइडनं सांगितलं नव्हतं, यांनी विचारलं नव्हतं. घरातही पंचवीस वर्षांत कधी विचारलं नव्हतं. रविकांतरावांना मनापासून लाज वाटली, आणि भीतीही. त्यांनी लाल पेन पुढं केलं.

सुलेखाताईंनी चष्मा लावला. एकेक पान सावकाश उलटलं. सोळा साल कोरं गेलं, सतरा कोरं गेलं. चहा निवला. मग अठराच्या मार्चमध्ये त्यांनी एक फुली मारली, दाबून. आणि पेन खाली ठेवलं.

ते बर्फाच्या वादळाचे दिवस होते. अख्खं आयर्लंड घरात कोंडलेलं, दुकानांत पाव औषधालाही नव्हता.

"अगं, त्या दिवशी तर मी दारात आपटलो होतो!"

"हो. रस्ते बंद, पाळी नाही. तुम्हाला सोफ्यावरून हलता येत नव्हतं. दिवसभर माझ्यासमोर होतात. मी थापलेल्या गरम भाकऱ्या खाल्ल्यात, आणि कंबर ठणकत होती म्हणून खलिफाचं नाव काढलं नाहीत. पहिल्यांदा माझं ऐकत होतात."

रविकांतरावांनी नियम मोडून सुलेखाताईंच्या फुलीला खेटून आपली फुली मारली. चौदा झाले. पुढं मोजायचं त्यांना सुचलंच नाही.

दुपारच्या आमटीत मीठ होतं. गोळी मात्र सुलेखाताईंनी समोर उभं राहून गिळायला लावली.