यंदाच्या मंडईत शांताचं नाव

मंडळी, आज आमच्या गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, आणि रात्री नाटक. आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतली रीत अशी की कॉमेडियन दुपारीच घरोघरी फिरून गावच्या गोष्टी काढतो आणि रात्री स्टेजवर त्यांच्या कोट्या करतो. श्लेष अलंकार मी शाळेतल्या कवितांत पाठ केला. त्यावर अख्खं गाव हसून लोळताना मात्र इथेच पाहिलं.

माझी बायको शांता मोठ्या आवाजाची. दरवर्षी आमचा कॉमेडियन स्टेजवरून म्हणायचा, "या गावात शांता हाय, पण शांतता नाई!" सगळ्यात आधी तीच हसायची.

ती उन्हाळ्यात गेली.

आज तो ओसरीवर आला आणि चहा तसाच ठेवून घुटमळत बसला. "भाऊ, यंदा माय नाई. तो डायलॉग काढून टाकतो."

"काऊन? घरात तिचं नाव निघालं की सारे माह्याकडे पाहून गप्प होतात. आता तूही?"

त्याने थंड झालेला चहा उचलून एका घोटात संपवला. मग म्हणाला, "तर मंग समोर बसा लागन, भाऊ. तुमी हसले तरच गाव हसन."

आता कोट चढवून निघतोय. हसू येईल की नाही, ठाऊक नाही.

तुमच्याकडे गेलेल्या माणसाचं नाव थट्टेत घेतात का हो?